शैक्षणिक माध्यमे आणि मागे पडणारा विद्यार्थी

वर्गात एकाच वेळी सर्वांना शिकविला जाणारा पाठ ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, अशा विद्यार्थ्यांचे चित्त अभ्यासात गुंतावे व त्यांची प्रगती व्हावी, या हेतूने चित्रे, शैक्षणिक वस्तू, चित्रपट, नभोवाणी, चित्रवाणी, अध्यापन यंत्रे, संगणक इ. माध्यमांचा वेळोवेळी उपयोग करण्यात आला. त्याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. अंध, बधिर आदी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विशेष साधनांचा विचार येथे केलेला नाही.

मागे पडणारा विद्यार्थी म्हणजे बुद्धीने मंद विद्यार्थी, असे समीकरण पूर्वी रूढ होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट (१८८३–१९७१) यांनी द बॅकवर्ड चाइल्ड (१९३७) या ग्रंथात, शालेय जीवनाच्या मध्यावर असताना आपल्या वयास साजेशा इयत्तेच्या खालील इयत्तेचे कामही ज्याला करता येत नाही तो मागासलेला विद्यार्थी, अशी व्याख्या केली. म्हणजेच मागासलेपण हे वयाच्या मानाने झालेल्या शालेय प्रगतीवरून ठरविले गेले. बौद्धिक मर्यादांबरोबरच घरची गरिबी, प्रकृतीच्या तक्रारी, अनियमित उपस्थिती यांचाही विचार बर्ट यांनी केला. भारतात यांत आणखी दोन कारणांची भर पडते : घरची भाषा व शाळेची भाषा यांतील अंतर आणि घरात शाळेत गेलेली पहिलीच पिढी असणे.

मागे पडण्याची प्रक्रिया सामान्यतः एखाद्या सुटलेल्या पायरीपासून सुरू होते. दशक-एकक न उमगलेल्या मुलाला हातच्याची वजाबाकी कळत नाही. वजाबाकी न येणाऱ्याला भागाकार येत नाही. आणि इयत्ता मात्र दरवर्षी पुढे सरकत राहते. कालांतराने असे मूल प्रश्न विचारणे व फळ्याकडे पाहणेही सोडून देते. त्याची उदासीनता हे मागे पडण्याचे कारण असल्याचे मानले जाते. पुष्कळदा ती त्याचा परिणाम असते. त्यामुळे माध्यमांपुढे दोन वेगळी कामे उभी राहतात : उडालेले चित्त परत आणणे आणि तुटलेला दुवा सांधणे. पहिले काम प्रत्येक नव्या माध्यमाने काही काळ सहज केले. दुसरे काम मात्र साधन मुलाच्या पातळीशी जुळलेले असेल, त्याच्या प्रतिसादाला उत्तर देणारे असेल व त्याच्यासोबत शिकविणारी व्यक्ती असेल, तेव्हाच साधले, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्रारंभकाळ : चित्रांच्या साहाय्याने अध्यापन करण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न मोरेव्हियन शिक्षणतज्ञ योहान आमोस कोमेन्यस (१५९२–१६७०) यांचा होय. त्यांचे ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस हे पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यातील प्रत्येक चित्रातील वस्तूंना अंक दिलेले असून त्याच अंकांनिशी त्या वस्तूंची माहिती लॅटिन व जर्मन भाषांत दिली आहे. केवळ शब्दांचे पाठांतर ज्याला जमत नाही, त्या मुलालाही चित्रावरून अर्थ गवसावा, अशी ही योजना होती. पुढे स्विस शिक्षणतज्ञ योहान पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांनी प्रत्यक्ष वस्तूच्या निरीक्षणावर भर दिला.

शिकण्यात अतिशय मागे असलेल्या मुलांसाठी साधने तयार करण्याची परंपरा फ्रान्समध्ये सुरू झाली. झां इतार (१७७४–१८३८) या वैद्याने आव्हेराँच्या रानात सापडलेल्या मुलाला शिकविताना हाताळता येण्याजोग्या अक्षरांचा व आकृतींचा उपयोग केला. त्यांचे शिष्य एद्वार सेगँ (१८१२–८०) यांनी मतिमंद मुलांसाठी अशा साधनांची पद्धतशीर मालिका सिद्ध केली. इटालियन वैद्य मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी रोममधील अशाच मुलांच्या शाळेत या साधनांचा अवलंब केला. तेथील काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा सामान्य शाळांतील मुलेच इतकी मागे का राहतात, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांचा विशेष असा, की चूक झाली तर ती साधनच दाखवून देते. चुकीच्या खाचेत दट्ट्या बसत नाही आणि मुलाला कोणी रागावण्याआधी ते स्वतःच चूक सुधारते. हे तत्त्व पुढे यंत्रांच्या व संगणकाच्या रूपाने पुन्हा अवतरले.

महाराष्ट्रात या विचाराला निराळे वळण ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी दिले. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्यासमवेत भावनगर येथे माँटेसरी पद्धतीवर काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेण्यात आले. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून खडे, बिया, शिंपले, पाने, काड्या हीच गणनाची व वर्गीकरणाची साधने ठरली. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या अनुभवानुसार शाळेत मूल न टिकण्याचे मूळ पुष्कळदा शाळेच्याच रचनेत होते. म्हणून मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, या भूमिकेतून वस्तीत अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग झाले. ओळखीच्या वस्तू आणि ओळखीची बोली यांच्या योगाने अबोल मूल बोलते होते, हा कोसबाडचा अनुभव पुढील सर्व यांत्रिक माध्यमांच्या मूल्यमापनास उपयोगी पडणारा आहे.

प्रक्षेपण व ध्वनिप्रसारण : एकोणिसाव्या शतकात प्रकाशदीपाच्या साहाय्याने पडद्यावर चित्रे दाखविण्याची प्रथा शाळांत आली व विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिची जागा चित्रपटाने घेतली. अमेरिकन संशोधक टॉमस एडिसन (१८४७–१९३१) यांनी १९१३ मध्ये, शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील व सर्व ज्ञान चित्रपटाद्वारे देता येईल, असे भाकीत केले. हे भाकीत खरे ठरले नाही. प्रक्षेपक महाग होते, खोलीत अंधार करावा लागे आणि चित्रपट वर्गाच्या पाठाशी क्वचितच जुळे. शिवाय चित्रपट कोणासाठी थांबत नाही. न कळलेला भाग पुढे निघून जातो. पुढील शतकभरात नभोवाणी, चित्रवाणी व संगणक यांविषयी जवळजवळ याच धर्तीची भाकिते करण्यात आली.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंगने १९२४ मध्ये शालेय प्रसारण सुरू केले. प्रसारणासोबत शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी मुद्रित पुस्तिका पाठविण्याची पद्धत तेथे रूढ झाली व नभोवाणीचे पाठ वर्गातील अध्यापनास पूरक राहावेत, असे धोरण ठेवण्यात आले. भारतात शालेय प्रसारणाचा नियमित प्रारंभ १९३७ मध्ये कलकत्ता येथून झाला. या पाठांनी उत्तम आवाज, नाट्य व संगीत वर्गात आणले. परंतु ऐकणारा विद्यार्थी मूक श्रोताच राहिला. याला महत्त्वाचा अपवाद ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्झ येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या आकाशशाळेचा. विमानाने वैद्यकीय सेवा पुरविणाऱ्या संस्थेच्या बिनतारी यंत्रणेवर ही शाळा चाले व शेकडो किमी. अंतरावरील पशुपालन केंद्रांत राहणारी मुले शिक्षिकेला उत्तर देऊ शकत. प्रसारण दुहेरी झाल्याबरोबर दूरचे मूल वर्गात सामील झाले.

अध्यापन यंत्रे व क्रमान्वित अध्ययन : सिडनी प्रेसी (१८८८–१९७९) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२४–२६ च्या सुमारास एक लहान यंत्र तयार केले. प्रश्नाच्या अनेक पर्यायांपैकी योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येऊ न देण्याची सोय त्यात होती. या यंत्राकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही. १९५३ मध्ये बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) हे आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास गेले असता त्यांना दोन दोष जाणवले : सर्व विद्यार्थ्यांना एकाच गतीने जावे लागते आणि उत्तर बरोबर की चूक, हे कळण्यास दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. यावर उपाय म्हणून त्यांनी विषयाचे अतिशय लहान टप्प्यांत विभाजन करून प्रत्येक टप्प्यावर उत्तर घेणारे व लगेच निर्णय सांगणारे यंत्र प्रचारात आणले. नॉर्मन क्राउडर यांनी त्यास पर्यायी शाखांची जोड दिली. विद्यार्थ्याने जी चूक केली असेल, तिला अनुसरून त्याला निराळे स्पष्टीकरण मिळू लागले.

मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही तत्त्वतः मोठी घटना होती. वेळ कायम व यश कमीअधिक, या वर्गाच्या नियमाऐवजी यश कायम व वेळ कमीअधिक, असा उलट नियम यंत्राने शक्य केला. बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) यांनी १९६८ मध्ये मांडलेली प्रभुत्व-अध्ययनाची संकल्पना याच विचाराची आहे. व्यवहारात मात्र क्रमान्वित पुस्तके व यंत्रे कंटाळवाणी ठरली. लहान टप्पे चुका टाळत. पण जिज्ञासाही जागी होऊ देत नसत. १९६० नंतर इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही संगणकीय अध्यापनप्रणाली उभारण्यात आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सपीझ (१९२२–२०१४) व रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९६६ च्या सुमारास ईस्ट पालो आल्टो येथील ब्रेंटवुड या प्राथमिक शाळेत संगणकावर गणित व वाचन शिकविण्याचा प्रयोग केला. या शाळेत बहुसंख्य मुले गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील होती. सीमर पॅपर्ट (१९२८–२०१६) यांनी याच्या विरुद्ध बाजूने विचार केला. संगणकाने मुलाला चालविण्यापेक्षा मुलाने संगणकाला चालवावे, असे म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये लोगो ही संगणकभाषा तयार केली. चूक ही लाजेची गोष्ट नसून शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, ही वृत्ती मुलांत रुजविणे हा तिचा एक हेतू होता.

चित्रवाणी : शालेय चित्रवाणीचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग अमेरिकन सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटांवर १९६४ मध्ये सुरू झाला. शिक्षकांची गुणवत्ता अपुरी असल्याने मुख्य पाठ चित्रवाणीवरूनच देण्याचे तेथे ठरले. प्रारंभी उत्साह होता. परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थी व शिक्षक यांत नाराजी वाढत गेली आणि १९७० नंतरच्या दशकात चित्रवाणीचे स्थान पूरक साधनापुरते उरले.

१० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सेसमी स्ट्रीट ही मालिका सुरू झाली. गरीब वस्त्यांतील मुले शाळेत दाखल होतानाच इतरांच्या मागे असतात; हे अंतर शाळेपूर्वीच कमी करावे, हा जोन गांझ कूनी व त्यांच्या सहकाऱ्यांचा उद्देश होता. प्रत्येक भागाची लहान मुलांवर आधी चाचणी घेण्यात येई. पडद्याशेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रे दाखवून मुलाची नजर कोणत्या क्षणी मालिकेवरून ढळते, हे नोंदवीत व तो भाग सुधारीत. सॅम्युएल बॉल व गेरी ॲन बोगाट्झ यांच्या १९७० च्या पाहणीत असे आढळले, की मालिका भरपूर पाहणारी गरीब मुले ती क्वचित पाहणाऱ्या सुस्थितीतील मुलांपेक्षा अधिक शिकली. तथापि टॉमस कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याच माहितीची पुन्हा छाननी करून एक गंभीर शंका उपस्थित केली. सर्वांसाठी खुला असलेला कार्यक्रम सुस्थितीतील मुलेही पाहतात, किंबहुना अधिक पाहतात. पालकांचे प्रोत्साहनही त्यांना अधिक मिळते. त्यामुळे सर्वांची प्रगती होऊनही दोहोंमधील अंतर वाढू शकते. माध्यमांच्या इतिहासातील हा मूलभूत प्रश्न होय. मेलिसा कर्नी व फिलिप लेव्हाइन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या भागांत या मालिकेचे प्रक्षेपण स्पष्ट दिसत असे तेथील मुले शाळेत वयानुरूप इयत्तेत राहण्याचे प्रमाण अधिक होते व हा लाभ गरीब भागांत विशेष होता, असे दिसून आले. शंकेचे पूर्ण निरसन यामुळे झाले नाही. पण उद्दिष्ट ठरवून, मुलांचा प्रतिसाद तपासून केलेला कार्यक्रम सामान्य प्रसारणापेक्षा वेगळा ठरतो, हे स्पष्ट झाले.

भारतात दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी १९६१ मध्ये नियमित शालेय चित्रवाणी सुरू झाली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक चित्रवाणीचा प्रयोग (१ ऑगस्ट १९७५–३१ जुलै १९७६). अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ही खेडी मागासलेपण हा निकष लावून निवडलेली होती. महाराष्ट्रातील खेडी त्यांत नव्हती. तथापि कार्यक्रमाच्या व्यवस्थापनात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस (१९२५–२०२५) यांचा मोठा वाटा होता व मुलांसाठीचे विज्ञानविषयक कार्यक्रम भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या मुंबईतील कलागृहात तयार झाले. सकाळच्या प्रक्षेपणात हिंदी, उडिया, कन्नड व तेलुगू यांपैकी प्रत्येक भाषेच्या वाट्याला सु. साडेबावीस मिनिटे येत. पाच वर्षांच्या बालकापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांसाठी कार्यक्रम एकच असे. मूल्यमापनात मुलांच्या भाषाविकासावर व जिज्ञासेवर काही अनुकूल परिणाम आढळला. परंतु शालेय संपादन, पटनोंदणी व गळती यांवर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. याच प्रयोगात सुटीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना चित्रवाणी, नभोवाणी, मुद्रित साहित्य व प्रत्यक्ष कृती यांच्या एकत्रित योजनेद्वारे विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. माध्यमाचा उपयोग शिक्षकाऐवजी न करता शिक्षकासाठी करण्याचे हे उदाहरण विशेष लक्षणीय आहे.

इन्सॅट उपग्रहांच्या काळात राज्यांत कार्यक्रमनिर्मितीच्या संस्था निघाल्या. महाराष्ट्रात पुणे येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था बालचित्रवाणी या नावाने परिचित झाली. तिच्या मराठी कार्यक्रमांनी दूरदर्शनवर एका पिढीला विज्ञान, गोष्टी व गाणी दिली. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली.

परस्परसंवादी नभोवाणी : चित्रवाणीचा गाजावाजा चालू असतानाच जुन्या नभोवाणीने एक महत्त्वाचा शोध लावला. निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास सपीझ यांच्या प्रेरणेने व बार्बरा सर्ल, जेमसीन फ्रेंड यांच्या सहभागाने नभोवाणी-गणित प्रकल्प हाती घेण्यात आला. सु. अर्ध्या तासाच्या पाठात निवेदक प्रश्न विचारी, काही सेकंद थांबे, मुले मोठ्याने उत्तर देत किंवा वहीत लिहीत व मग योग्य उत्तर ऐकू येई. त्यानंतर शिक्षक उजळणी घेई. वर्गांतील नियमित चाचण्यांवरून न कळलेला भाग ओळखून पुढील पाठांत बदल केले जात. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासानुसार पाठ्यपुस्तके पुरविल्याने गणितातील प्रगती झाली. परंतु नभोवाणी-पाठांनी ती त्याहून पुष्कळच अधिक झाली, आणि ग्रामीण व शहरी मुलांमधील अंतर कमी झाले. यातील यंत्र अत्यंत साधे होते. फरक पडला तो प्रश्नानंतर सोडलेल्या त्या काही सेकंदांच्या विरामामुळे. कारण त्या विरामात मागच्या रांगेतील मुलालाही तोंड उघडण्याची संधी होती. ही पद्धत पुढे आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील अनेक देशांत अनुसरण्यात आली.

भारतातील एक समांतर उदाहरण एकभाषी उपशीर्षकांचे आहे. हिंदी चित्रपटगीत चालू असताना त्याच भाषेतील शब्द पडद्याखाली दाखवावेत व म्हटला जाणारा शब्द रंगाने ठळक व्हावा, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत मांडली. गाणे आधीच पाठ असल्यामुळे अडखळत वाचणाऱ्याला पुढचा शब्द अंदाजाने सापडतो व न कळत वाचनाचा सराव होतो. अपयशाची भीती नसलेले वाचन, हे या उपक्रमाचे मर्म होय.

संगणक : भारतीय शाळांत संगणकाचा औपचारिक प्रवेश १९८४–८५ मध्ये ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पाद्वारे सु. २५० माध्यमिक शाळांत झाला. त्याचा भर संगणक-साक्षरतेवर होता. दिल्लीतील कालकाजी येथे १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवून मुले परस्परांच्या मदतीने तो वापरण्यास शिकतात, हे दाखविले. शालेय विषयांत मागे असलेल्यांना त्याचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्न मात्र वादाचा राहिला.

या प्रश्नाचे काटेकोर उत्तर मुंबई व बडोदे येथील प्रयोगांतून मिळू लागले. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम या संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांत बालसखी योजना चालविली. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सु. दोन तास वेगळे घेऊन वाचन व अंकगणिताच्या मूलभूत गोष्टी शिकवी. बडोद्यात राज्य शासनाने २००० मध्ये नगरपालिकेच्या बहुतेक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. पण ते फारसे वापरात नव्हते. त्यांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसविण्यात आले. आठवड्यातून दोन तास दोन-दोन मुले एका संगणकावर बसत व उत्तरांनुसार खेळाची काठिण्यपातळी बदले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो व ली लिंडन यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दुसऱ्या वर्षाअखेर संगणकामुळे गणिताच्या गुणांत ०·४७, तर बालसखीमुळे एकूण गुणांत ०·२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. शैक्षणिक प्रयोगांच्या मानाने ही दोन्ही फळे मोठी होत. तथापि संगणकाचा लाभ हुशार व कच्च्या अशा सर्व मुलांत सारखा विभागला गेला, तर बालसखीचा लाभ मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. आणि खर्चाच्या मानाने बालसखी अनेक पटींनी स्वस्त ठरली. योजना थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा परिणाम बराच ओसरला, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी आहे.

लिंडन यांनीच गुजरातमधील एका स्वयंसेवी संस्थेच्या शाळांत केलेला दुसरा प्रयोग (२००८) अधिक बोधप्रद आहे. नेहमीच्या अध्यापनाचा वेळ काढून घेऊन संगणकास दिला, तेव्हा मुलांचे नुकसान झाले. शाळेचा वेळ संपल्यानंतर तेच पाठ जादा सराव म्हणून दिले, तेव्हा फायदा झाला व तो कच्च्या मुलांना अधिक झाला. यंत्र व पाठ तेच असताना केवळ योजनेतील स्थान बदलल्याने परिणाम उलटा झाला. पेरू देशात मुलांना लक्षावधी लॅपटॉप संगणक वाटण्यात आले. परंतु ग्रामीण प्राथमिक शाळांविषयीच्या २०१२ मधील अभ्यासात गणित व भाषा यांच्या संपादनात वाढ आढळली नाही. याउलट दिल्लीत शासकीय शाळांतील सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालविलेल्या केंद्रांतील माइंडस्पार्क या संगणकप्रणालीच्या अभ्यासात (२०१९) सु. साडेचार महिन्यांत गणितात ०·३७ व हिंदीत ०·२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. ही मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. प्रणाली प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरील प्रश्न देई व निम्मा वेळ लहान गटात मार्गदर्शक त्यांच्यासोबत असे. वर्गात काहीच हाती न लागणाऱ्या मुलांची तुलनात्मक प्रगती येथे सर्वाधिक झाली.

महाराष्ट्रात या काळात जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून प्रक्षेपक, टॅब्लेट इ. साधने मिळविली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत वापरण्याच्या उपक्रमाबद्दल व इतर कार्याबद्दल २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. छापील पानावरील संकेताद्वारे कविता किंवा स्पष्टीकरण हवे तितक्या वेळा ऐकता येते. वर्गात पुन्हा विचारण्यास संकोचणाऱ्या मुलाला ही पुनरावृत्ती मोलाची असते. मात्र त्यासाठी घरात भ्रमणध्वनी असावा लागतो.

महासाथीचा काळ : ही अट किती निर्णायक आहे, हे मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या महासाथीमुळे शाळा बंद झाल्यावर प्रत्ययास आले. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या उपक्रमाद्वारे भ्रमणध्वनीवरून अभ्यासमाला पाठविण्यात आली व सह्याद्री वाहिनीवरून टिलीमिली ही मालिका प्रसारित झाली. असर या राष्ट्रीय पाहणीनुसार २०२० मध्ये ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१·८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही साहित्य मिळालेल्यांचे प्रमाण सु. ३६ टक्केच होते. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७·३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०·५ टक्क्यांवर आले. याच काळात आफ्रिकेतील बोट्‌स्वाना येथे झालेल्या प्रयोगात साध्या भ्रमणध्वनीवरून शिक्षकाने दर आठवड्यास पालक व मूल यांच्याशी बोलून मुलाच्या पातळीचा एखादा गणिती प्रश्न सोडवून घेतला, तेव्हा प्रगती झाली. नुसते लघुसंदेश पाठविल्याने ती झाली नाही.

समालोचन : सुमारे साडेतीन शतकांच्या या इतिहासात साधने पालटली, तरी काही गोष्टी स्थिर राहिल्याचे आढळते. माध्यमाचे नावीन्य मुलाला काही काळ खिळवून ठेवते. परंतु नावीन्य ओसरल्यावर मुलाला आपण शिकत आहोत, हा अनुभव आला असेल, तरच लक्ष टिकते. सर्वांना एकच पाठ देणारे प्रसारण ज्यांची पूर्वतयारी चांगली आहे, त्यांना अधिक लाभदायक ठरण्याचा संभव असतो. म्हणून सरासरी प्रगतीच्या आकड्यावरून तळाच्या मुलाचे काय झाले, हे कळत नाही व त्याची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते. माँटेसरींचे स्वतः चूक दाखविणारे साधन, निकाराग्वातील निवेदकाचा विराम, बडोद्यातील उत्तराप्रमाणे बदलणारा खेळ व बोट्‌स्वानातील दूरध्वनी यांत तंत्राच्या दृष्टीने काहीच साम्य नाही. मुलाचे उत्तर ऐकून मग पुढे जाणे, हे एकच सूत्र त्यांत समान आहे. विनाशिक्षक वर्ग चालविण्याच्या योजना मात्र सामोआपासून पेरूपर्यंत अपेक्षित फळ देऊ शकल्या नाहीत.

२०२२ च्या अखेरीपासून मुलाशी त्याच्या भाषेत संवाद करू शकणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वत्र उपलब्ध होऊ लागल्या आहेत. उत्तरानुरूप प्रतिसाद देण्याचे स्किनर यांच्या यंत्राला अल्पांशाने साधलेले काम त्या व्यापक प्रमाणावर करू शकतील, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. त्याचबरोबर त्या मुलाच्या वतीने उत्तरच देऊन टाकण्याचाही धोका आहे, आणि मागे पडलेल्या मुलाला हा मोह सर्वांत अधिक असतो. या माध्यमाचे मूल्य एडिसन यांच्या धर्तीच्या भाकितांवरून ठरणार नाही. हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या मुलाला ती वर्षअखेर येऊ लागली काय, या जुन्याच कसोटीवर ते ठरेल.